दोन मिलिमीटरची बाहुली

३ मार्च, मंगळवार

भिंगरीला जाऊन पाच दिवस झाले, तरी कार्यशाळेतलं रडणं काही आटपेना. आमची फोनवाली रिसीव्हर उचलला की आधी हुंदका देते आणि मग नमस्कार म्हणते. समोरचा घाबरून फोन ठेवून देतो. हीच बाई तीन महिन्यांपूर्वी भिंगरीच्या चहाच्या कपावर चिठ्ठी चिकटवून गेली होती, 'आपापले कप आपण धुवावेत.' आता तो कप काचेच्या कपाटात ठेवलाय. न धुता.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही.

ही वही नवऱ्याने आणून दिली. म्हणाला, "पाच दिवस माझ्यावर खेकसतेयस. आता यावर खेकस." म्हणून लिहितेय. मला दुःख वगैरे झालंय असं कोणी समजू नये. मला राग आलाय.

आम्ही माणसांचे खोटे डोळे बनवतो. ज्यांचा एक डोळा अपघाताने किंवा आजाराने गेला, त्यांच्यासाठी. बुबुळाची छोटी तबकडी आधी हाताने रंगवायची, मग ती पांढऱ्या कवचात बसवायची, कवचावर तांबड्या रेशमाचे केसाएवढे धागे शिरा म्हणून चिकटवायचे, आणि शेवटी पॉलिश. उत्तरेच्या खिडकीपाशी रंगवणाऱ्यांची दोन टेबलं आहेत. एक माझं, एक तिचं. नऊ वर्षं शेजारी बसलो. मी सगळं मोजून करते म्हणून तिने माझं नाव फूटपट्टी ठेवलं. ती जागेवर दहा मिनिटं टिकत नसे म्हणून मी तिचं भिंगरी. दोन्ही नावं सगळ्यांनी उचलली.

तेहतीस वर्षांची होती. सकाळी केस पुसता पुसता डोक्यात नस फुटली. गेली तेव्हा ती खिडकीपाशी बसतसुद्धा नव्हती, मालकांनी तिला पॉलिशच्या चाकावर पाठवलं होतं. तिच्या तबकड्या चुकताहेत असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

असो.

५ मार्च, गुरुवार

भिंगरीचा चुलतभाऊ येऊन गेला. कवी आहे. तसा पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेतो, पण ओळख करून देताना कवीच म्हणतो. एकोणतीस तारखेला शोकसभा ठेवलीय, वाचनालयाच्या सभागृहात. तो स्वतः बावीस कडव्यांची कविता वाचणार. मी हळूच विचारलं, "बहिणीला शेवटचे कधी भेटला होतात?" तर म्हणाला, "प्रत्यक्ष भेट महत्त्वाची नसते, ताई." म्हणजे चार वर्षांत नाही.

मग माझ्याकडे वळला. "तुम्ही तिच्या जिवलग. पाच मिनिटं बोला. भावपूर्ण असावं. तिचा हसतमुख स्वभाव वगैरे."

हसतमुख! गेल्या आठवड्यात हा शब्द मी चाळीस वेळा ऐकला. खिडकीतून ऊन सरकलं की ती माझ्या अंगावर ब्रश फेकायची, तेव्हा हे कुठे होते? गोंद वाळला नाही म्हणून ओंजळीत तोंड घालून रडायची, तेव्हा? माणूस मेलं की त्याला एकच चेहरा देतात, तोही फोटोत बरा दिसणारा.

बोलेन म्हटलं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

९ मार्च, सोमवार

भिंगरीचं अर्धवट काम मालकांनी माझ्या गळ्यात मारलं. ट्रम्पेटवाले काका. साठीचे, वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवतात. सात वर्षांपूर्वी डावा डोळा गेला. जुन्या डोळ्याचा रंग उडालाय म्हणून नवा करायचाय. वीस तारखेला मोठा कार्यक्रम आहे, त्याच्या आत हवा.

तिचा खण उघडला. वाळलेली पानं, बटणं, कोणाच्या तरी पोराने काढलेलं हत्तीचं चित्र. त्यात काकांची तबकडी, रंगवून झालेली. रंग सुंदर आहे, तेवढं मान्य करावंच लागेल. काकांचे डोळे घारे आहेत आणि घारा रंग भल्याभल्यांना साधत नाही, चिखल होतो. पण मधली बाहुली! बुबुळातला काळा ठिपका तिने मोहरीएवढा काढलाय. मी मोजला. दोन मिलिमीटर. सकाळी दहा वाजता उत्तरेच्या खिडकीशी माणसाची बाहुली चारच्या आसपास असते, हे इथे पहिल्या आठवड्यात शिकवतात. ही नऊ वर्षांनी विसरली.

तबकडीसोबत तिचं कार्ड होतं. माप, रंगांचे नंबर काही नाही. लिहिलंय काय, तर 'काका वाजवताना वेगळेच दिसतात. सगळे दिवे तोंडावर. मोठ्या पडद्यावरसुद्धा!! घाबरलेत. १२ तालमी बघितल्या.' त्याखाली ट्रम्पेट वाजवणाऱ्या बदकाचं चित्र.

याला कार्ड म्हणतात. रोज चार वाजता पळायची ती तालमी ऐकायला, हे आज कळलं. आम्ही इथे शिरा चिकटवत बसायचं आणि बाईंनी संगीत ऐकायचं.

नवी तबकडी करणार.

१० मार्च, मंगळवार

काकांना दहा वाजता खिडकीशी बसवलं. वाईट माणूस नाही, पण चुळबुळ फार.

"भिंगरी असं नव्हती करत," म्हणाले.

"मी भिंगरी नाही."

"ती तालमीला यायची. समोर उभी राहून माझ्या डोळ्यात बघत बसायची. मी सूर चुकायचो."

"काका, समोर बघा. हलू नका."

"नाही, म्हणजे तिचं म्हणणं असं होतं की..."

"काका, तिचं म्हणणं तिच्याबरोबर गेलं. आता माझं ऐका. हनुवटी वर."

दोन तास पुतळ्यासारखे बसून राहिले. उठताना म्हणाले, "दोन वर्षं मी मागच्या रांगेत वाजवतोय, बाई. चेहरा दिसत नाही तिथे. या वेळी एकट्याचा तुकडा दिलाय, पुढे उभं राहून. सांभाळून घ्या." मी म्हटलं, माझ्या हातून गेलेल्या डोळ्याची आजवर तक्रार आलेली नाही. खरंच आहे ते.

१४ मार्च, शनिवार

पाच मिनिटांचं भाषण लिहायला बसले. 'ती अत्यंत' इथपर्यंत आलं आणि थांबलं. अत्यंत काय?

अत्यंत वेडी. एका सात वर्षांच्या मुलीने हट्ट धरला, मला डोळ्यात मांजर पाहिजे. आईबाप समजावून थकले. भिंगरीने डोळ्याच्या मागच्या बाजूला, जी आत खोबणीत जाते, तिथे तीळभर मांजर काढलं. शेपटीसकट. पोरीला भिंगातून दाखवलं आणि डोळा बसवून टाकला. पोरगी उड्या मारत गेली. मी म्हटलं, "जे कोणाला कधी दिसणार नाही त्यावर दीड दिवस घालवलास?" तर म्हणते, "तिला माहितेय ना, आहे ते."

कपाळ!

मला टायफॉइड झाला होता त्या वर्षी माझे सहा डोळे राहिले होते. तिने ते रंगवले, माझ्या पद्धतीने, माझ्या मापाने, आणि माझ्या नावाने लावून दिले. मालकांना पत्ता नाही. मी परत आल्यावर ते डोळे पाहिले. कोणालाही फरक कळला नसता. मला कळला. माझ्यापेक्षा बरे होते.

त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही. भाषणात हे कसं घालणार?

१७ मार्च, मंगळवार

काकांचा डोळा दिला. दोन्ही डोळे शेजारीशेजारी, कोणता खरा ते मालकांनाही ओळखू येईना. "याला म्हणतात काम," ते सगळ्यांदेखत म्हणाले. फोनवालीने टाळ्या वाजवल्या, तिला निमित्तच लागतं. काका आरशात बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "इथे तर छान दिसतोय."

इथे तर! माणसांना कौतुकसुद्धा धड करता येत नाही. जाताना कार्यक्रमाचे दोन पास देऊन गेले.

२० मार्च, शुक्रवार

संध्याकाळी सहाचा कार्यक्रम. नवऱ्याला घेऊन गेले. तो दुसऱ्याच तुकड्याला पेंगायला लागला.

काकांची पाळी आली. पुढे येऊन उभे राहिले, नवा कोट, केस विंचरलेले. सभागृहातले दिवे गेले आणि व्यासपीठावरचे सगळे त्यांच्या तोंडावर आले. बाजूच्या पडद्यावर त्यांचा चेहरा दिसायला लागला, खोलीच्या भिंतीएवढा. त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावलं.

खरी बाहुली आकसून टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती. माझी तशीच. चार मिलिमीटर. पडद्यावर ती थाळीएवढी दिसत होती. उजव्या डोळ्याने माणूस वाजवत होता आणि डाव्या डोळ्याने घुबड आमच्याकडे बघत होतं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. एक लहान मूल आईला मोठ्याने म्हणालं, "त्या आजोबांचा डोळा बघ!" आईने त्याचं तोंड दाबलं, पण सगळ्यांनी बघितलंच.

काकांना पडदा दिसत होता. अर्ध्या तुकड्यानंतर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनी संपवलं. वाजवलं मात्र सुरेख, असं नवरा म्हणाला. मला ऐकू आलं नाही.

भिंगरी काही विसरली नव्हती. ते दोन मिलिमीटर या दिव्यांसाठी होते.

२१ मार्च, शनिवार

काकांना फोन केला. त्यांनी नाही, त्यांच्या सुनेने उचलला. म्हणाली, "त्यांना परत मागच्या रांगेत बसवलंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." कार्यशाळेत सांगितलं तर मालक म्हणाले, "आपण खिडकीशी मोजतो. नियमाप्रमाणे झालंय. नाचता येईना अंगण वाकडं, त्याला आपण काय करणार?" याच माणसाच्या हाताखाली मी अठरा वर्षं काढली, आणि गेल्या महिन्यापर्यंत मीही अगदी असंच बोलत होते.

आता लिहूनच टाकते. वही माझी आहे, वाचणार कोण?

तीन तारखेला वर मी 'कोणीतरी' असं लिहिलंय. कोणीतरी म्हणजे मी.

तेरा फेब्रुवारी, शुक्रवार, जेवणाची सुट्टी. भिंगरी हात धुवायला गेली होती. तिच्या खणातून काकांची तबकडी काढली आणि मालकांच्या टेबलावर ठेवली. "हे बघा. आणि रोज चारला कुठे जाते तेही विचारा." मालकांनी तबकडी मोजली, तिला बोलावलं. ती ओल्या हातांनीच आली. मालक म्हणाले, "ही बाहुली आहे?" तिने तबकडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी मोजपट्टी हातात धरून उभी होते, साक्षीदारासारखी. तबकडी उचलून ती "बरं" म्हणाली. एवढंच. सोमवारपासून चाकावर.

तेव्हा वाटलं, तोंडच नाही बोलायला. गुर्मी असती तर बोलली असती. दहा दिवस चाकावर बसली, हातांना पांढरी भुकटी लागलेली, आणि रोज अकरा वाजता माझ्या टेबलावर चहा आणून ठेवायची. मी समजायचे, टोमणा मारतेय. चहा गार होऊ द्यायचे.

कारण विचाराल तर मापाचं होतं. मापाचं नव्हतंही. त्याच सकाळी तीन माणसं आली होती आणि तिघंही म्हणाली, आम्हाला त्या दुसऱ्या बाईंकडून करायचाय.

२६ मार्च, गुरुवार

तिची तबकडी बसवली. मालकांना विचारलं नाही. कवचात घातली, काकांच्या खऱ्या डोळ्यातल्या शिरा बघून धागे लावले, पॉलिशला स्वतः चाकावर बसले. चाक फार आवाज करतं. दिवसभर तिथे बसलं तर संध्याकाळी कान वाजत राहतात, हे मला माहीत नव्हतं.

काका यायला तयार नव्हते. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. "हा भिंगरीने केलाय, मी फक्त जोडलाय," म्हटल्यावर चप्पल घातली.

आज तालमीच्या वेळी वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या विनवण्या करून दिवे लावायला लावले, पडदासुद्धा. तो वैतागला, "बाई, ही तालीम आहे, लग्न नाही." दिवे लागले. काका पुढे उभे राहिले. पडद्यावर दोन डोळे दिसले, एका माणसाचे. मी पुढे गेले, मागे गेले, डावीकडून पाहिलं. मला चूक सापडेना. मला! काकांनी पडद्याकडे पाहत पूर्ण तुकडा वाजवला, आणि मग न सांगता तोच पुन्हा वाजवला.

वाद्यवृंदवाला म्हणाला, "पुढच्या कार्यक्रमाला इथेच उभे राहा."

काका माझ्याजवळ येऊन म्हणाले, "घरात मात्र हा विचित्र दिसेल नाही?" मी म्हटलं, घरासाठी माझा ठेवा. दिवेलागणीला बसायला बरा आहे तो. ते हसले. खूप दिवसांनी एखादी गोष्ट बरोबर सांगितल्यासारखं वाटलं.

आज तिला जाऊन महिना झाला.

२९ मार्च, रविवार

शोकसभा. सभागृह भरलेलं. नऊ वर्षांत जी माणसं तिच्या टेबलाजवळ फिरकली नाहीत ती पहिल्या रांगेत. भिंगरीची आई आली नव्हती. "मला नको तो तमाशा," असा निरोप तिने पाठवला, आणि चुलतभावाने तो 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असा वाचून दाखवला. मग बावीस कडवी. चौदाव्यात ती चंद्र झाली, सतराव्यात नदी. मालक बोलले की भिंगरी कार्यशाळेचा डोळा होती. हसतमुख नऊ वेळा झालं, मी मोजलं. मोजणं माझं कामच आहे.

माझं नाव पुकारलं. लिहिलेला कागद पर्समध्येच राहू दिला. म्हटलं, "मालक सांगायला विसरले, शेवटचे दहा दिवस ती रंगवत नव्हती. तिला पॉलिशवर बसवलं होतं, कारण मी तिची तक्रार केली. तिचं काम चुकलंय असं मी सांगितलं. ते चुकलं नव्हतं. चुकले मी. ती माझ्यापेक्षा चांगली होती आणि ते मला नऊ वर्षं सहन होत नव्हतं. झालं."

वाटलं, आता कोणीतरी उठेल. निदान एक शिवी तरी येईल.

टाळ्या झाल्या. टाळ्या! चुलतभाऊ डोळे पुसत माइकवर आला, "काय हा मनाचा मोठेपणा! भिंगरीच्या सहवासाने माणसं अशी घडली." फोनवालीने मला मिठी मारली, माझा खांदा ओला केला. मालक म्हणाले, "छान बोललात हो. अगदी भावपूर्ण." चहाच्या वेळी एक अनोळखी बाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमच्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं."

या लोकांसमोर खून कबूल केला तरी शाल पांघरतील.

३१ मार्च, मंगळवार

राहवेना, म्हणून भिंगरीच्या आईकडे गेले. तिसरा मजला, दार अर्धवट उघडं. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. भिंगरीचेच कपडे होते. मला बघून थांबल्या नाहीत. "ये. बस. ती उशी बाजूला कर."

बसले. सभेत काय बोलले ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "कळलं मला. तक्रार तू केलीस हे मला तेव्हाच माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं, त्याच संध्याकाळी."

"रडली?"

"रडेल कशाला? मला त्या दिव्याखाली बसवलं." त्यांनी हातातल्या कपड्याने टेबलावरचा दिवा दाखवला. "दिवा लावायची, माझ्या डोळ्यात बघायची. विझवायची, पुन्हा लावायची. वहीत आकडे लिहायची. रोज. जायच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा. मी म्हटलं, अगं माझे डोळे चुरचुरतात, सोड आता. तर म्हणायची, आई, एकदाच. फूटपट्टीचं कधी चुकत नाही. ती म्हणते म्हणजे माझंच काहीतरी चुकलंय, फक्त कुठे ते सापडत नाहीये."

त्यांनी एक बाही सरळ केली, घडी घातली, वर हात फिरवला.

मी म्हटलं, "काकू, तिचं बरोबर होतं. आकडे बरोबर होते. मी दिव्याखाली बघून आले. अगदी बरोबर होतं."

काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं.

"मला कशाला सांगतेस, बाई?" म्हणाल्या. "तिला सांगायचं होतंस."